क्वांटम प्रतिरूपण आणि संशोधनाची वाट

मीरा रोड स्टेशनाच्या पूर्वेस हाटकेश नांवाचा जो भाग आहे, तेथें एकीकडे लहान कारखान्यांचे गाळे आहेत आणि एकीकडे उंच इमारतींतील बिऱ्हाडें. अशा एका बिऱ्हाडाची श्रोत्यांनीं कल्पना करावी. वडील गाळ्यांत फिटर. आई घरीं शिवणकाम करून संसारास हातभार लावणारी. धाकटा मुलगा कॉलेजांत. थोरली मुलगी पदार्थविज्ञान घेऊन नुकतीच एम्. एस्सी. झालेली. आतां तिला नोकरी लागेल आणि घराच्या कर्जाचा हप्ता थोडा हलका होईल, असें सर्वांनीं मनांत धरलें असतां एके रात्रीं जेवतांना ती म्हणते, "बाबा, मला पीएच्. डी. करायची आहे. क्वांटम सिम्युलेशनच्या सैद्धांतिक बाजूवर." वडील विचारतात, "म्हणजे नेमकें काय करायचें, बाळ?" आई विचारते, "आणि किती वर्षें?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. अशा घरांत पांच वर्षें ही लहानसहान वस्तु नव्हे. आणि जें काम काय आहे हेंच ठाऊक नाहीं, त्याच्यासाठीं पांच वर्षें द्या असें सांगणेंहि बरें नव्हे. म्हणून वडिलांचा प्रश्न आधीं घ्यावा आणि आईचा मागाहून.

वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर पुण्याजवळ खडकवासल्यास सांपडेल. तेथें केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र आहे. १९१६ सालीं मुंबई इलाख्याच्या सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या कामासाठीं ज्या खात्याचा आरंभ केला, त्यांतून तें वाढलें. एखादें धरण किंवा बंदर बांधण्यापूर्वीं त्याची लहान प्रतिकृति तेथें तयार करतात, तींत पाणी सोडतात, आणि लाट कोठें आपटते, गाळ कोठें सांचतो, हें डोळ्यांनीं पाहतात. पाण्याच्या गतीचीं समीकरणें शास्त्रज्ञांस दीडशें वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहेत. मग हा खटाटोप कशासाठीं? कारण असें कीं समीकरण ठाऊक असणें निराळें आणि तें सोडवितां येणें निराळें. वेड्यावांकड्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेचें गणित कागदावर पुरें होत नाहीं. तेव्हां तें पाण्याकडूनच सोडवून घ्यावयाचें, अशी ही युक्ति आहे.

परंतु या युक्तींत एक मेख आहे. वसईच्या खाडीची प्रतिकृति शंभरपट लहान केली, तर तेथील भरती-ओहोटीहि शंभरपट लवकर होईल असें कोणास वाटेल. तसें होत नाहीं. गुरुत्वाकर्षणानें चालणाऱ्या प्रवाहांत काळाचें प्रमाण लांबीच्या वर्गमूळाप्रमाणें बदलतें. म्हणून लांबी शंभरपट कमी केली कीं काळ दहापटच कमी धरावा लागतो. हा नियम सांगणारा मनुष्य हातांत फावडें घेत नाहीं, सिमेंट कालवीत नाहीं. पण त्याच्यावांचून ती प्रतिकृति म्हणजे मुलांनीं पावसाळ्यांत केलेलें डबकें होय. प्रतिकृतींतील कोणती गोष्ट मूळ वस्तूंतील कोणत्या गोष्टीशीं जुळते, कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवावा व कोणत्यावर ठेवूं नये, हें सांगणें हेंच त्याचें काम. क्वांटम सिम्युलेशन, म्हणजे क्वांटम प्रतिरूपण, या शास्त्रांत सैद्धांतिक संशोधक हेंच काम अणूंच्या बाबतींत करतो.

अणु व इलेक्ट्रॉन यांच्या वर्तनाचे नियम ज्या शास्त्रांत सांगितले आहेत त्यास क्वांटम यामिकी किंवा पुंजयामिकी असें म्हणतात. त्याचीं मूळ समीकरणें १९२५ व १९२६ या सालांत हाइझेनबर्ग व श्रोडिंजर यांनीं मांडलीं. एका इलेक्ट्रॉनाचें गणित कॉलेजांतील विद्यार्थी करतो. दोहोंचें कठीण होतें. एकमेकांवर प्रभाव पाडणाऱ्या शेंकडों इलेक्ट्रॉनांचें गणित मात्र सर्वसाधारणपणें जगांतील अत्यंत मोठ्या संगणकासहि अचूक करतां येत नाहीं. असें कां व्हावें, तें दिवाळींतील पणत्यांवरून समजेल.

दारापुढें दहा पणत्या ओळीनें मांडल्या आहेत असें समजावें. प्रत्येक पणती एक तर पेटलेली असेल, नाहीं तर विझलेली. एका पणतीच्या अशा रचना दोन, दोहोंच्या चार, तिहींच्या आठ. दहा पणत्यांच्या १,०२४, विसांच्या १०,४८,५७६ आणि तिसांच्या १०७ कोटींहून अधिक. खऱ्या पणत्यांच्या बाबतींत याचें कांहीं अडत नाहीं, कारण एका वेळीं त्यांतली एकच रचना समोर असते, आणि कोणती पेटली व कोणती विझली एवढें सांगितलें कीं काम झालें. पण पणत्यांच्या जागीं दोन अवस्थांत राहूं शकणारे अणु असले, तर त्यांची स्थिति सांगण्यासाठीं सगळ्याच्या सगळ्या रचना एकदम विचारांत घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक रचनेपुढें एकेक संख्या लिहून ठेवावी लागते. तीस अणूंसाठीं एवढ्या संख्या टिपून ठेवावयास सुमारें १६ गिगाबाइट स्मृति लागते. एवढी चांगल्या घरगुती संगणकांत असते. पन्नास अणूंसाठीं त्याच्या दहा लक्षपट लागते. तीनशें अणु घेतले तर रचनांची संख्या दृश्य विश्वांतील सर्व अणूंच्या अंदाजी संख्येहूनहि मोठी होते. वस्तुतः तीनशें अणु म्हणजे कांहींच नव्हेत. धुळीच्या कणांतहि त्यांहून कितीतरी अधिक असतात.

ही अडचण ओळखून अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनीं १९८१ सालीं मॅसॅच्युसेट्स येथें भरलेल्या एका परिषदेंत एक विचार मांडला. तें भाषण १९८२ सालीं छापलें गेलें. निसर्ग जर क्वांटम नियमांनीं चालतो, तर त्याचें अनुकरण करणारें यंत्रहि क्वांटम नियमांनींच चालणारें असावें, असा त्याचा मतितार्थ होता. खडकवासल्यास पाण्याचें गणित पाण्याकडून करवून घेतात, त्याप्रमाणें अणूंचें गणित अणूंकडून करवून घ्यावें. मात्र मूळ पदार्थांतील अणु हातीं येत नाहींत. तेव्हां आपल्या कह्यांत राहणारे दुसरे अणु घेऊन त्यांना तेच नियम पाळावयास लावावें. या यंत्रास क्वांटम प्रतिरूपक म्हणतात.

या विषयांत सैद्धांतिक काम किती पुढें चालतें, याचें एक चांगलें उदाहरण आहे. १९२४ सालीं डाक्का येथें शिकविणारे सत्येंद्रनाथ बोस यांनीं एक निबंध आइन्स्टाइन यांजकडे पाठविला. त्यावरून आइन्स्टाइन यांनीं अतिशय थंड वायूच्या एका विलक्षण अवस्थेचें भाकीत केलें. ती अवस्था १९९५ सालीं अमेरिकेंत कोलोरॅडो येथें रुबिडियम या धातूच्या वाफेंत प्रत्यक्ष निर्माण झाली. त्या वाफेचें तपमान निरपेक्ष शून्याहून एका अंशाच्या दहा लक्षाव्या भागापेक्षांहि कमीच वर होतें. असले थंड अणु हातीं आले. पण त्यांचें करावयाचें काय? १९९८ सालीं याक्श, सिराक, झोलर व त्यांचे सहकारी यांनीं कागदावर एक योजना मांडली. समोरासमोरून आलेले लेसरचे झोत एकमेकांवर पडले कीं प्रकाशाचे एकाआड एक खळगे तयार होतात. स्वयंपाकघरांतील आप्पेपात्र डोळ्यांपुढें आणावें, म्हणजे त्यांची कल्पना येईल. त्या खळग्यांत हे थंड अणु बसवावे. प्रकाश मंद असला कीं खळगे उथळ होतात आणि अणु एकांतून दुसऱ्यांत सहज सरकतात. प्रकाश प्रखर केला कीं खळगे खोल होऊन प्रत्येक अणु आपापल्या जागीं अडकतो. पहिली स्थिति घर्षणावांचून वाहणाऱ्या द्रवासारखी आणि दुसरी वीज न वाहूं देणाऱ्या घन पदार्थासारखी. प्रकाश किती वाढविला असतां एकीची दुसरी होईल, हें त्यांनीं आधींच सांगितलें. चार वर्षांनीं, १९०२ नव्हे तर अगदीं अलीकडे, २००२ सालीं, जर्मनींत म्यूनिक येथें ग्राइनर, ब्लॉख व त्यांचे सहकारी यांनीं तो प्रयोग करून दाखविला, आणि अणूंनीं अपेक्षित पालट केला.

याचा उपयोग काय, असा प्रश्न पुढें येतोच. १९८६ सालीं झुरिकजवळच्या एका प्रयोगशाळेंत बेडनोर्झ व म्युलर यांना ताम्रयुक्त एका पदार्थांत असें आढळलें कीं, तोंवर अशक्य वाटलेल्या तपमानांतहि तो विजेस मुळींच विरोध करीत नाहीं. अशा पदार्थांस अतिसंवाहक म्हणतात. तें कां घडतें याविषयीं शास्त्रज्ञांत अजून एकमत नाहीं. त्यांतील इलेक्ट्रॉनांसाठीं एक सोपेंसें दिसणारें समीकरण हबर्ड यांच्या नांवानें १९६३ सालापासून प्रसिद्ध आहे: इलेक्ट्रॉन एका खळग्यांतून दुसऱ्यांत उडी मारतो, आणि एका खळग्यांत दोन आले तर त्याचा भुर्दंड पडतो, एवढेंच त्यांत आहे. तरीहि सपाट पृष्ठभागावरील पुष्कळ इलेक्ट्रॉनांसाठीं तें पूर्णपणें सुटलेलें नाहीं. प्रकाशाच्या आप्पेपात्रांत अणु ठेवून जें पाहतात, तें याच समीकरणाचें भावंड आहे. तें उलगडलें तर तारांत वाया जाणारी वीज वांचविणारे पदार्थ शोधण्यास दिशा मिळेल, अशी आशा आहे. पण आज तरी ती आशाच आहे, हेंहि सांगितलें पाहिजे.

सैद्धांतिक संशोधकाचें काम प्रयोगापूर्वीं असतें तसें प्रयोगानंतरहि असतें. २०१७ सालीं हार्वर्ड येथील मंडळींनीं ५१ अणूंची एक ओळ मांडून तिची हालचाल पाहिली. निळीचा थेंब पाण्यांत सोडला असतां तो पसरतो व पुन्हां गोळा होत नाहीं. अणूंची मूळ रचनाहि तशीच विस्कटून जाईल, असा अंदाज होता. पण एका ठराविक रचनेपासून आरंभ केला असतां ते अणु पुनःपुन्हां तिच्याजवळ परत येऊं लागले. हें कोणीं अपेक्षिलें नव्हतें. पुढील वर्षीं लीड्स, जिनीव्हा व ऑस्ट्रिया येथील सैद्धांतिक संशोधकांनीं त्याची मीमांसा केली, आणि त्यांतून संशोधनाची एक नवी शाखाच निघाली. यंत्र एकाकडे होतें. त्यानें काय दाखविलें, हें सांगणारे दुसरेच होते.

तिसरें काम सर्वांत महत्त्वाचें, आणि हाटकेशच्या त्या फिटरास तें सर्वांहून लवकर पटेल. गाळ्यांत येणाऱ्या ड्रॉइंगवर प्रत्येक मापापुढें टॉलरन्स लिहिलेला असतो. माप किती चुकलें तर चालेल आणि किती चुकलें तर माल परत येईल, हें त्यावरून ठरतें. क्वांटम प्रतिरूपकहि चुकतो. त्याला बाहेरची उष्णता लागते, प्रकाश थरथरतो, अणु निसटतात. शिवाय जें गणित दुसऱ्या कोणत्याहि संगणकास करतां येत नाहीं तेंच या यंत्रास घातलेलें असतें. मग त्याचें उत्तर बरोबर कीं चूक, हें तपासावें कसें? खडकवासल्याच्या प्रतिकृतीस मागल्या पुराच्या नोंदी लावून पाहतां येतात. येथें लहान संख्येच्या अणूंवर आधीं पडताळा घ्यावा लागतो, ज्या टोकांस उत्तर ठाऊक आहे तेथें जुळतें कीं नाहीं हें पाहावें लागतें, आणि चूक किती पसरेल याचें गणित मांडावें लागतें. हा यंत्राचा टॉलरन्स लिहिणारा मनुष्य म्हणजे सैद्धांतिक संशोधक.

२०२३ च्या जून महिन्यांतील एक हकीकत येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आयबीएम कंपनीनें आपल्या १२७ क्यूबिटांच्या यंत्रावर चुंबकीय पदार्थाचें एक प्रतिरूपण केलें आणि साध्या संगणकाच्या सरळ हिशेबास जें झेपणार नाहीं तें येथें झालें, असें प्रसिद्ध केलें. कांहीं आठवड्यांतच इतर सैद्धांतिक संशोधकांनीं अधिक कुशल रीति योजून तींच उत्तरें साध्या संगणकांवर काढून दाखविलीं. यांत कोणाची फजिती झाली असें मानूं नये. यंत्राचीं उत्तरें खरीं निघालीं, आणि साध्या संगणकाची मर्यादा आपण समजतों तेथें नाहीं, हेंहि कळलें. कागद, पेन्सिल, चांगला संगणक आणि विचार, एवढ्या सामग्रीवर ही भर पडली.

येथवर वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर झालें. आतां आईचा प्रश्न. त्यांत दोन प्रश्न दडलेले आहेत: मुलीस जावें लागेल कोठें, आणि तोंवर घर चालेल कसें?

प्रयोगशाळा उभारण्यास कोट्यवधि रुपये लागतात, पण सिद्धांतास लागत नाहींत. म्हणूनच हा विषय आपल्या देशांत परका राहिलेला नाहीं. मुंबईस कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरांत, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा यांनीं ती १९४५ सालीं स्थापिली, आणि २००२ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तेथें सैद्धांतिक भौतिकीचा विभाग आहे, आणि अतिसंवाहक क्यूबिटांची प्रयोगशाळाहि आहे. २०२४ च्या ऑगस्टांत ही संस्था, पुण्यांतील संरक्षण खात्याची तरुण शास्त्रज्ञांची क्वांटम प्रयोगशाळा आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या सहकार्यानें तयार झालेल्या सहा क्यूबिटांच्या यंत्राची चांचणी पुरी झाली. १२७ पुढें सहा ही संख्या लहान दिसेल; पण तीं सहा येथें घडलीं, आणि त्यांच्या शेजारीं बसून विचार करणारे विद्यार्थीहि येथेंच लागतील.

पुण्यांत पाषाण येथें २००६ सालीं स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आयसर, आहे. तेथें अतिथंड अणूंवर प्रयोग चालतात आणि क्वांटम तंत्रज्ञानाचें एक स्वतंत्र केंद्रहि आहे. पवईच्या आयआयटीचा भौतिकी विभाग सर्वांस ठाऊक आहे. मुंबईबाहेर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व रमण संशोधन संस्था, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, प्रयागराजची हरिश्चंद्र संशोधन संस्था हीं नांवें लक्षांत ठेवावींत. केंद्र सरकारनें १९ एप्रिल २०२३ रोजीं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलें. २०२३-२४ पासून २०३०-३१ पर्यंत त्यासाठीं ६,००३.६५ कोटि रुपयांची तरतूद आहे, आणि ५० ते १,००० क्यूबिटांचीं यंत्रें घडविणें हें त्याचें एक उद्दिष्ट आहे. त्याचीं चार केंद्रें ठरलीं: संगणनाचें बंगळूरास, दळणवळणाचें मद्रासच्या आयआयटींत, मापनाचें पवईस व पदार्थांचें दिल्लीच्या आयआयटींत. पवईचें केंद्र मापनाचें आहे, हें प्रतिरूपणाची आवड असलेल्या विद्यार्थ्यानें ध्यानांत घ्यावें. संस्थेच्या नांवावरून अर्ज करूं नये. तेथील कोणते अध्यापक कोणत्या प्रश्नावर काम करतात, हें आधीं पाहावें. त्यांचे बहुतेक निबंध आर्काइव्ह नांवाच्या संग्रहांत विनामूल्य वाचावयास मिळतात. हा संग्रह १९९१ पासून चालू आहे.

या संस्थांचीं दारें ओळखीनें उघडत नाहींत, परीक्षेनें उघडतात. टाटा संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा साधारणतः डिसेंबरांत होते, आणि तींत उत्तीर्ण झालेल्यांस मुलाखतीस बोलावतात. जेस्ट नांवाची एक सामायिक परीक्षा आहे. तिचे गुण अनेक संशोधनसंस्था धरतात. आयआयटीसाठीं गेट, आणि सर्व देशांत चालणारी सीएसआयआर-यूजीसीची नेट. २०२४ पासून नेटचे गुण विद्यापीठांच्या पीएच्. डी. प्रवेशासाठींहि धरण्याची योजना झाली आहे. बी. एस्सी. झालेल्या विद्यार्थ्यास कांहीं ठिकाणीं एम्. एस्सी. व पीएच्. डी. यांचा जोडअभ्यासक्रम खुला आहे. ज्यांना पदवीपूर्वींच हातानें काम करून पाहावयाचें आहे त्यांच्यासाठीं टाटा संस्थेचा उन्हाळी विद्यार्थी-कार्यक्रम, देशांतील तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी छात्रवृत्ति, आणि मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठींचा उपक्रम आहे. मानखुर्द म्हणजे घरूनच जाऊन-येऊन करण्यासारखें. आणि दोन महिन्यांच्या कामांत आवड खरी कीं वरवरची, हें कळून येतें.

परीक्षांसाठीं पुंजयामिकी, सांख्यिकीय यामिकी, विद्युत्-चुंबकत्व आणि गणितीय रीति पक्क्या लागतात. प्रतिरूपणासाठीं विशेषतः मॅट्रिक्सचें बीजगणित आणि संगणकास आज्ञावलि लिहून देण्याचा सराव हवा. कोणत्याहि शहरांतील साध्या कॉलेजांत शिकलेल्या मुलास हे विषय अप्राप्य नाहींत. पुस्तकांतील उदाहरणें आपल्या हातानें सोडविलीं आहेत कीं नुसतीं वाचलीं आहेत, एवढा फरक मुलाखतींत तात्काळ दिसतो. 'क्वांटम' हा शब्द लावून चार आठवड्यांचें प्रमाणपत्र विकणाऱ्या जाहिराती हल्लीं पुष्कळ दिसतात. त्यांच्यावर पैसे खर्चिण्यापूर्वीं हें आठवावें.

आतां घरखर्च. येथें बहुतेक पालकांचा गैरसमज असतो. पीएच्. डी. म्हणजे फी भरून शिकणें, असें त्यांस वाटतें. या संस्थांत विद्यार्थ्यास उलट दरमहा छात्रवृत्ति मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ठरलेल्या दरांप्रमाणें कनिष्ठ संशोधकास पहिलीं दोन वर्षें महिना ३७,००० रुपये आणि पुढें ज्येष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये. वसतिगृह नसल्यास घरभाडेभत्ता निराळा. नेटची छात्रवृत्ति एकंदर पांच वर्षेंपर्यंत चालूं शकते. तिला वयाची मर्यादा आहे, आणि स्त्रियांना व राखीव वर्गांतील उमेदवारांना तींत सवलत आहे. महाराष्ट्र सरकारच्या बार्टी, सारथी व महाज्योति या संस्थाहि आपापल्या समाजवर्गांतील पीएच्. डी.च्या विद्यार्थ्यांस अधिछात्रवृत्ति देतात. विद्यापीठांत छात्रवृत्तीवांचूनहि नांव नोंदवितां येतें. पण ज्या घरास हप्ता फेडावयाचा आहे, त्या घरच्या मुलानें छात्रवृत्ति हातीं आल्याशिवाय पाऊल टाकूं नये.

जमेची बाजू सांगितली, तशी खर्चाचीहि सांगितली पाहिजे. पहिलें एक वर्ष बहुधा वर्गांतील अभ्यासांत जातें. पुढें प्रश्न निवडणें, चुकणें, पुन्हां मांडणें यांत तीन-चार वर्षें. पांच वर्षांचीं सहा होणें नवलाचें नाहीं. सोबतचे मित्र तोंवर कंपन्यांत वरच्या जागीं गेलेले असतात. पीएच्. डी. मिळाल्यावर बहुतेकांस आणखी कांहीं वर्षें देशांत किंवा परदेशांत तात्पुरत्या जागीं संशोधन करावें लागतें, आणि अध्यापकाच्या कायम जागा उमेदवारांच्या मानानें थोड्या असतात. ज्यानें प्रतिरूपणांत काम केलें त्याच्या हातीं गणित व संगणक हीं दोन साधनें येतात आणि त्यांना उद्योगांतहि मागणी असते. परंतु केवळ त्या मागणीसाठीं पांच वर्षें देण्याचें कारण नाहीं. तीं साधनें त्याहून थोडक्या काळांत शिकतां येतात.

मार्गदर्शकाची निवड हा या सर्वांतला नाजूक भाग आहे. ज्या संस्थांत पहिल्या वर्षाच्या अभ्यासानंतर मार्गदर्शक ठरतो, तेथें ती घाई करूं नये. त्यांच्या हाताखालचे जुने विद्यार्थी किती वर्षांत मोकळे झाले, पुढें कोठें गेले, विद्यार्थ्यास आपला प्रश्न स्वतः शोधूं देतात कीं नाहीं, हें त्या विद्यार्थ्यांसच विचारावें. तें विचारण्यांत अविनय नाहीं. लग्नाच्या आधीं सोयरीक पाहतात, तेथें पांच वर्षांच्या गुरुशिष्यसंबंधाची चौकशी करण्यास संकोच कशाला?

आणि अंतर? मीरा रोडहून चर्चगेटपर्यंत लोकल आणि पुढें नेव्हीनगरपर्यंत बस, हा रोजचा प्रवास लांबच आहे. म्हणून बहुतेक विद्यार्थी वसतिगृहांत राहतात. पण प्रवासाचें भय फार बाळगूं नये. दामोदर धर्मानंद कोसंबी हे १९४६ पासून १९६२ पर्यंत टाटा संस्थेंत गणिताचे प्राध्यापक होते. ते राहत पुण्यांत, आणि डेक्कन क्वीननें मुंबईस येत-जात. सैद्धांतिक कामाचा हा एक गुण आहे कीं प्रयोगशाळेस कुलूप लागलें तरी तें थांबत नाहीं. तें गाडींतहि चालूं शकतें.

तेव्हां हाटकेशच्या त्या घरांत दुसऱ्या दिवशीं जेवतांना बोलणें व्हावें तें असें. वडिलांनीं विचारावें, "तुझ्या यंत्राचा टॉलरन्स कोण ठरवितो?" मुलीनें म्हणावें, "बाबा, अजून कोणाला पुरता ठरवितां आलेला नाहीं. तेंच मला शिकायचें आहे." आणि आईनें कागद घेऊन हप्ता, छात्रवृत्ति, भावाची फी यांचा पांच वर्षांचा हिशेब मांडावा. डिसेंबराच्या परीक्षेचा अर्ज भरावा; त्याबरोबर एखाद्या नोकरीचाहि भरावा, कारण परीक्षेंत यश येईलच असें नाहीं, आणि त्यांत लाज नाहीं. पुढील वर्षीं पुन्हां बसतां येतें. पण प्रवेश मिळाला, छात्रवृत्ति लागली आणि मुलीस तो प्रश्न रात्रीं झोंपूं देत नाहीं असें दिसलें, तर आईबापांनीं तिला अडवूं नये.